न मोजता मारलेला फवारा



मुंबईच्या आकाशात ड्रोन उडाला काय आणि न उडाला काय, कोरडवाहू रानात पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवणाऱ्याला त्याचे काय देणेघेणे, असा प्रश्न हा अंक हाती घेणाऱ्याच्या मनात येईल. बोंडअळी, हमीभाव, पीकविमा सोडून संपादकीय ट्रॉम्बेच्या डोंगरावर कशाला चढले? देणेघेणे आहे, आणि ते तिहेरी आहे. मुंबईत घातपाताचे हत्यार म्हणून ज्या यंत्रावर बंदी येते, तेच यंत्र आपल्या गावात फवारणीसाठी अनुदानावर विकले जाते, हे पहिले. २०२४ च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीने मराठवाड्यातली आपलीच गावे जागत बसली, हे दुसरे. आणि मुंबईच्या उपनगरात तेल, वीज आणि खताची जी कोठारे एकाला एक लागून उभी आहेत, त्यांना धक्का बसला तर तो डिझेलच्या डब्यातून आणि खताच्या गोणीतून आपल्या बांधापर्यंत येतो, हे तिसरे. म्हणून जिल्हा बैठकीत या विषयाला अर्धा तास द्यावा अशी आमची विनंती आहे.

आधी जागा समजून घेऊ. मुंबईत घाटकोपरच्या दक्षिणेला चेंबूर, आणि चेंबूरच्या पलीकडे खाडीला टेकून माहुल आणि ट्रॉम्बे. इथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. देशातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी इथेच पेटली, आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ सुरू झाली. शेजारी माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचे तेलशुद्धी कारखाने आहेत. टाटांचे औष्णिक वीज केंद्र आहे. आणि आपल्या ओळखीचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखानाही इथलाच. आपण रानात जी ‘सुफला’ची गोणी फोडतो तिचे माहेर चेंबूर. अणू, तेल, वीज आणि खत ही चारही कोठारे काही किलोमीटरच्या टापूत आहेत आणि त्यांच्या कुंपणाला लागून चीता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी, माहुल अशा दाट वस्त्या आहेत. तिथे राहणाऱ्यांत आपल्या दुष्काळी जिल्ह्यांतून पोट भरायला गेलेली माणसे काही थोडी नाहीत. वर पाहावे तर विमानतळ जवळ, विमानांचा रस्ता डोक्यावरून. २८ जून २०१८ रोजी एक छोटे विमान घाटकोपरच्या भरवस्तीत कोसळले. विमानातले चार आणि रस्त्याने जाणारा एक असे पाच जण त्यात गेले. इथले आकाश आधीच भरलेले आहे आणि खालची जमीन त्याहून भरलेली आहे.

अशा टापूवर नाव-गाव नसलेला ड्रोन घिरट्या घालतो म्हटल्यावर कोणाच्याही छातीत धडकी भरेल. २०१५ च्या जुलैत देवनार भागात, अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला ड्रोन उडताना एका रहिवाशाला दिसला, तेव्हा पोलिसांची धावपळ झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ च्या मे महिन्यात, मुंबईतल्या एका दुकानाने ड्रोनने पिझ्झा पोचवल्याची चित्रफीत गाजली होती आणि तेव्हाही पोलीस विचारणा करत फिरले होते. मग ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान महासंचालनालयाने खासगी ड्रोन सरसकट बंद केले. चार वर्षांनी, १ डिसेंबर २०१८ पासून, परवानग्यांच्या जंजाळासह ते उघडले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी नवे नियम आले आणि देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन पट्टे पडले. हिरव्यात १२० मीटरपर्यंत मोकळीक, पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रकाची परवानगी आणि लालमध्ये थेट केंद्र सरकारची. विमानतळाभोवतीचा टापू आणि ट्रॉम्बेसारखी ठिकाणे साध्या परवान्यावर उडण्याची नाहीतच. नियम वाईट नाहीत. ते राबवायचे कसे, इथे घोडे पेंड खाते.

कॅलेंडर पाहून फवारणी

मुंबई पोलीस काय करतात ते पाहा. ठरावीक काळाने एक आदेश निघतो की ड्रोन, रिमोटवर चालणारी छोटी विमाने, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे हे सगळे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत बंद. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. १३ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर २०२२ असा एक होता, ४ एप्रिल ते ५ मे २०२५ असा एक होता. मधे आणि आगेमागे असे कितीतरी. कारण दर वेळी तेच, की दहशतवादी या साधनांचा वापर करू शकतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, अणुभट्टीशेजारची गल्ली आणि तिथून कोसभर दूरचे क्रिकेटचे मैदान, सगळ्यांना एकच माप.

शेतीशास्त्रात याला नाव आहे. कॅलेंडर पाहून केलेली फवारणी. कापसाला पंचेचाळीस दिवस झाले की पहिला फवारा, मग दर पंधरा दिवसांनी एक. अळी आहे की नाही कोणी पाहत नाही. औषधवाल्याचे दुकान चालते, मित्रकीटक मरतात, अळी मात्र औषधाला सरावते. गुलाबी बोंडअळीने हा धडा आपल्याला फार महागात शिकवला आहे. म्हणून आज आपण रानात कामगंध सापळे लावतो. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री सापडले, तर अळीने नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतो आणि मगच फवाऱ्याला हात घालतो. आधी मोजायचे आणि नंतर मारायचे. मारल्यावर पुन्हा मोजायचे, म्हणजे मारलेले लागू पडले की वाया गेले ते कळते.

पोलिसांच्या आदेशात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. गेल्या महिन्यात किती ड्रोन दिसले? त्यांतले किती खरेच ड्रोन होते? किती लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांचे, किती बिल्डरांच्या जाहिरातींचे, किती शाळकरी पोरांचे? किती प्रकरणांचा उलगडाच झाला नाही? बंदीनंतर आकडा घटला का? आदेशाच्या कागदावर यातले काही येत नाही. बंदी कोण पाळतो? ज्याचे नाव नोंदवलेले आहे, ज्याला पोट आहे, ज्याला पोलीस ठाण्यात बोलावता येते तो. ज्याला घातपात करायचा आहे तो आदेश वाचून ड्रोन कपाटात ठेवील, अशी आशा करणारे सरकार भोळे म्हणावे की आळशी?

आणि कायद्याने वेगळा रस्ता दाखवलेला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांतच तरतूद आहे की, तातडीची गरज असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल पट्टा जाहीर करावा आणि तो गरजेपेक्षा मोठा नसावा. नेमकी जागा आणि नेमकी मुदत. फवाऱ्याच्या भाषेत, जिथे अळी आहे त्या तासापुरता. ती सोय असताना अख्ख्या शहरावर महिन्याचा फवारा मारायचा, हे आम्हाला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १० जानेवारी २०२० च्या निकालात, वेगळ्या प्रकरणात, हे स्पष्ट केले आहे की कलम १४४ चे आदेश पुन्हापुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर होय.

जगात काय घडले

न उलगडलेले ड्रोन ही काही एकट्या मुंबईची डोकेदुखी नाही. फ्रान्समध्ये २०१४ साली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अणुभट्ट्यांची होती. तिथे २०१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निम्म्याहून अधिक अणुवीज केंद्रांवर रात्री ड्रोन फिरले. एका केंद्राजवळ तिघांना पकडले, पण मुख्य उड्डाणांशी त्यांचा संबंध लागला नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पालो व्हर्दे नावाचे मोठे अणुवीज केंद्र आहे. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस सलग दोन रात्री त्यावर ड्रोनचा थवा आला आणि गेला. कोणाचा, ते समजले नाही. आणि ही गोष्ट जनतेला कळली ती माहितीच्या कायद्याखाली सरकारी कागद बाहेर काढल्यामुळे, हे विशेष.

दुसरी बाजूही पाहा. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्याच न्यू जर्सी राज्यात रात्री आकाशात दिवे दिसू लागले आणि लोक घाबरून गेले. वीज केंद्रांवर उड्डाणबंदी घातली गेली. तपास यंत्रणांकडे ५,००० हून अधिक तक्रारी आल्या. त्यांतून पुढे तपास करण्याजोगे धागे निघाले शंभराच्या आसपास. उरलेल्यांत विमाने होती, हेलिकॉप्टरे होती, चांदण्यासुद्धा होत्या. पुढे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने सांगितले की बरेचसे ड्रोन सरकारी परवानगीनेच उडत होते. परवानगी देणारे सरकार आणि घाबरणारी जनता एकाच देशातली, पण या हाताचे त्या हाताला ठाऊक नाही.

इंग्लंडात तर याहून वाईट झाले. २०१८ च्या डिसेंबरात लंडनचे गॅटविक विमानतळ ड्रोनच्या बातमीने बंद पडले. हजारभर उड्डाणे रद्द झाली किंवा वळवली गेली, लाखाहून अधिक प्रवासी अडकले. पोलिसांनी एका जोडप्याला पकडले, त्यांची नावे वर्तमानपत्रांनी छापली, आणि ते निर्दोष निघाले. त्यांना भरपाई द्यावी लागली. खरा माणूस सापडलाच नाही आणि २०१९ मध्ये तपासाची फाईल मिटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

याचा अर्थ भीती खोटी, असे आम्ही म्हणत नाही. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियात अबकैकच्या तेल केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आदळली आणि त्या देशाचे निम्मे तेल उत्पादन, रोजचे सुमारे ५७ लाख बॅरल, काही काळ थांबले. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके पडली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चेर्नोबिलच्या जुन्या अणुभट्टीवरचे संरक्षक कवच ड्रोनने भोकसले. मे २०२५ मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर एका रात्रीत शेकडो ड्रोन आले. अळी रानात आहे, हे मान्य. भांडण तिच्या मोजदादीचे आणि औषधाचे आहे.

पकडणे अवघड का

ड्रोन ओळखणे आणि थोपवणे दोन्ही कठीण का, हे थोडक्यात सांगतो. तो लहान, प्लास्टिकचा, खालून आणि हळू उडणारा. रडारला तो आणि घार सारखीच दिसते. रडारवाल्यांनी पक्षी गाळायचे ठरवले तर ड्रोनही गळतो, आणि पक्षी ठेवले तर पडदा ठिपक्यांनी भरतो. दुसरा उपाय म्हणजे ड्रोन आणि चालवणारा यांच्यातला रेडिओ संदेश पकडणे. पण ठरवून दिलेल्या वाटेने आपोआप उडणारा ड्रोन संदेश पाठवतोच असे नाही. तिसरा उपाय संदेशच गुदमरवण्याचा. जंगलात तो ठीक आहे. ट्रॉम्बेच्या डोक्यावरून विमाने उतरतात, खाली लाखो मोबाईल आणि इस्पितळे आहेत, तिथे तो बेताबेतानेच वापरावा लागतो. राहिले गोळी घालून पाडणे. पाडलेला ड्रोन पडणार कोठे? तेलाच्या टाकीवर किंवा चीता कॅम्पच्या पत्र्यावर.

म्हणून खरा बंदोबस्त आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त असतो. विकलेल्या प्रत्येक ड्रोनची नोंद, त्याला गाडीसारखा क्रमांक, केंद्राभोवती माणसांची गस्त, शेजारच्या वस्तीचा विश्वास. २०१५ साली देवनारचा ड्रोन दिसला तो एका रहिवाशाला, हे विसरू नका. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून जागल करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. डुक्कर कुंपणाने थांबत नाही, जागल्याच्या कानाने थांबते. आणि जागल्या तेव्हाच हाक मारतो, जेव्हा हाकेला ओ देणारे कोणी आहे असा त्याला भरवसा असतो.

आकाशाकडे पाहणाऱ्यांना जमीन दिसत नाही

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात जाहिरातीचा एक फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ माणसे मेली. नियमाने ४० बाय ४० फुटांपर्यंत परवानगी, फलक होता १२० बाय १२० फुटांचा. पाव किलोचा ड्रोन हुडकण्यासाठी महिन्यामागून महिना आदेश काढणाऱ्या शहराला, हमरस्त्यालगत पेट्रोलच्या टाक्यांवर उभा असलेला हा लोखंडी डोंगर दिसला नाही. त्याआधी ८ ऑगस्ट २०१८ रोजी माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली, तेव्हाही आकाशातून कोणी आले नव्हते.

आणि १२ ऑक्टोबर २०२० ची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आपल्याकडे रात्री दोनला पंपाची वीज येते आणि साप-विंचवात पाणी द्यायला उठावे लागते, त्याची चौकशी समिती कधी बसली नाही. मुंबईचे काही तास गेले तर दिल्ली हलली. ते असो. पुढे १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की संगणकावाटे घातपाताची शक्यता प्राथमिक अहवालात दिसते. केंद्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की ती माणसाची चूक होती. एक अंधार आणि सरकारी कारणे दोन. कोणते खरे ते ठरवण्याइतका तपशील जनतेपुढे कधी ठेवला गेला नाही. ज्या सरकारला झालेल्या घटनेचे एक कारण सांगता येत नाही, त्याने न झालेल्या घटनेच्या नावाने बंदी घातली तर लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

आपल्या गावांवरची रात्र

आता आपल्या दारात येऊ. २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा तक्रारी आल्या. गेवराई, अंबड, पैठण या भागांत माणसे रात्र रात्र जागली. चोर घरे हेरतात, असे कोणी म्हणाले. सरकार आंदोलनावर नजर ठेवते, असे कोणी म्हणाले. कोणी सर्वेक्षणाचा तर्क लढवला. विषय विधिमंडळात गेला, चौकशीचे आश्वासन मिळाले. पण कोणत्या गावावर कोणाचा ड्रोन कशासाठी फिरला, याचे गावाला समजेल असे उत्तर चावडीवर लागले नाही. पेरणीच्या ऐन दिवसांत माणसे जागरणाने थकली ती वेगळीच.

उत्तर न मिळालेल्या भीतीचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मारणारे आपल्यासारखेच हातावर पोट असलेले होते आणि मरणारे त्यांच्याहून गरीब. अफवेला हात-पाय नसतात, ती आपले हात-पाय वापरते. उद्या रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीत एखादा फासेपारधी, एखादा मेंढपाळ, एखादा परप्रांतीय फेरीवाला गावच्या वेशीवर सापडला तर काय होईल, याचा विचार आम्हाला झोपू देत नाही.

याच्या उलट अनुभवही आपल्याकडे आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. ग्रामसभा झाली, लोकांना आधी सांगितले गेले, चुन्याच्या रेषा मारल्या, मग दिवसाउजेडी ड्रोन उडाला. बायाबापड्यांनी अंगणात उभे राहून तो पाहिला, पोरे मागे धावली. कोणी घाबरले नाही. यंत्र तेच होते. एकदा सांगून आले, एकदा न सांगता. सगळा फरक तेवढ्यात आहे.

फवारणीचा ड्रोन

आणखी एक हिशेब आपल्या जिवाचा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. डोक्याएवढी पऱ्हाटी, पाठीवर पंप, तोंडाला फडके आणि उलट्या वाऱ्याने अंगावर येणारे औषध. ड्रोनने फवारणी केली तर माणूस बांधावर उभा राहतो आणि औषध दूर राहते. दहा लिटरच्या टाकीत एक एकर सात ते दहा मिनिटांत होतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली. १५,००० महिला बचत गट, १,२६१ कोटी रुपये, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान.

ड्रोन म्हणजे कल्पवृक्ष, असे सांगायला आम्ही औषध कंपनीचे एजंट नाही. तणनाशकाचा तुषार वाऱ्याने शेजाऱ्याच्या कपाशीवर गेला तर पाने आकसतात आणि भाऊबंदकी पेटते. पऱ्हाटी दाट झाली की खालच्या बोंडापर्यंत औषध पोचते का, हे रानात पाहूनच ठरवावे लागेल. बॅटऱ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च अनुदानात दिसत नाही. पण हे सगळे मोजून ठरवण्याचे प्रश्न आहेत. बंदीने ते सुटत नाहीत. मुंबईत भीती बसली की तिची सावली जिल्ह्यात पडते. जिल्हाधिकारीही तसेच सरसकट आदेश काढू लागले, तर ऐन बोंडअळीच्या आठवड्यात बचत गटाच्या बाईचा ड्रोन कुलपात आणि मजुराच्या पाठीवर पुन्हा पंप, अशी गत होईल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

आमच्या मते जिल्हा बैठकीने पुढील मागण्यांवर विचार करावा.

१. ऊर्जा केंद्रे आणि गावे यांवर दिसलेल्या ड्रोनचा हिशेब गृहखात्याने दर सहा महिन्यांनी विधिमंडळापुढे ठेवावा. तक्रारी किती, विमान-तारे-पतंग निघाले किती, परवानगीचे किती, गुन्हे किती आणि न उलगडलेले किती. बंदोबस्ताची गुपिते कोणी मागत नाही, आकडे मागतो.

२. ट्रॉम्बेसारख्या ठिकाणांभोवतीचा लाल पट्टा कायम आणि कडक असावा. त्यापलीकडची बंदी ड्रोन नियमांप्रमाणे नेमक्या जागेपुरती आणि ९६ तासांपुरती असावी. तीस दिवसांचा सरसकट फवारा बंद व्हावा.

३. सरकारचा असो की कंपनीचा, गावावर ड्रोन उडणार असेल तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे, फलकावर लावावे आणि दवंडी द्यावी. पोलीस तपासाचे काम सोडून रात्रीची उड्डाणे नकोत.

४. कोणते गाव हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यात येते त्याची यादी मराठीत तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावावी. ही माहिती संगणकावर आहे म्हणून सांगून हात झटकू नयेत. कोराडी, चंद्रपूर, परळी या वीज केंद्रांच्या आसपास ज्यांची शिवारे आहेत, त्यांना हे आधी कळले पाहिजे.

५. या केंद्रांच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या लोकांना अपघाताच्या वेळी कोठे जायचे, काय करायचे, याची वर्षातून एकदा तालीम द्यावी. ज्यांनी जमिनी दिल्या आणि जे धूर खातात, त्यांना निदान पळायची वाट ठाऊक असावी.

सरकारने करायचे ते हे. आपण करायचे ते याहून सोपे आहे. गावात एक नोंदवही ठेवा. रात्री आकाशात काही दिसले तर तारीख, वेळ, दिशा, किती वेळ दिसले, आवाज आला का, दिवे कोणत्या रंगाचे, हे लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. एकाच जागी तासभर लखलखणारी ती बहुधा शुक्राची चांदणी असते. ओळीने सरकत जाणारे ठिपके बहुधा उपग्रह असतात. लाल-हिरवे दिवे लुकलुकत सरळ निघून जाते ते विमान. थांबते, वळते, खाली येते आणि गुणगुणते, तर ड्रोन धरा आणि ११२ वर कळवा. दगड मारू नका. पडला तर हात लावू नका. आणि अनोळखी माणूस दिसला तर त्याला पाणी द्या, नाव-गाव विचारा, पोलीस पाटलाला बोलवा. काठी मात्र घरात राहू द्या. तीन महिन्यांच्या नोंदवह्या जिल्ह्याला जमा झाल्या की सरकारकडे नसलेला आकडा आपल्याकडे असेल, आणि तो घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलापुढे बसू.

सापळ्यातले पतंग मोजायला आपण शिकलो तेव्हा दोन फवारे वाचले. आकाशातले मोजायला शिकलो, तर कदाचित एखादा जीव वाचेल.